आहे त्याच डब्यात

हळदीच्या अडतीतला कॉम्प्युटर उघडला की आत हळदीकुंकवाचं ताट उपडं झाल्यासारखं दिसतं, फक्त कुंकू नसतं. पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचेत, वायरींच्या गुंत्यावर सगळीकडे पिवळा थर. ब्लोअर मारायचा तो दुकानाबाहेर, तोंडाला रुमाल बांधून. तरी शर्टावर डाग पडतातच. आमची मंडळी म्हणतात, लग्न झाल्यावरही रोज हळद लागणारा नवरा जिल्ह्यात हा एकच.

सांगलीच्या मार्केट यार्डात आणि गणपती पेठेत मी १९९३ पासून कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा जुन्याला नव्याच्या पंगतीत बसवून देणं. नवा विकण्यात पैसा जास्त सुटतो, पण माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आत विचारतं, "आहे त्याच डब्यात काय होतंय का बघा की." या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं, पोरीचं इंजिनिअरिंग झालं. कोणती विंडोज कधी आली याच्या तारखा सगळीकडे सापडतात. ती विंडोज आमच्या यार्डातल्या पिवळ्या डब्यात कशी शिरली, कुणाच्या सांगण्यावरून शिरली आणि कितीदा आत जायला नकार देऊन बसली, हे मात्र कुठं लिहिलेलं मी पाहिलं नाही.

मी मूळचा रेडिओवाला. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून पोर्टेबल टीव्हीपर्यंत सगळं उघडून बसलेले असायचे. कॉम्प्युटर त्यांनी आयुष्यात चालवला नाही. पण माझ्या धंद्यातली निम्मी विद्या त्यांचीच. जोडाचे पत्रे काळे पडले की खोडरबरानं घासायचे, हे त्यांनी रेडिओच्या बँड स्विचवर शिकवलं. पुढं रॅमवर तेच केलं. मशीन चालू होत नाही, तीन बीप देतं, मालक घाबराघुबरा. मी रॅम काढणार, शाळकरी पोराच्या कंपासपेटीतलं रबर मागणार, दोन्ही बाजू घासणार, परत दाबून बसवणार. मशीन चालू. मालकाला पैसे द्यायला जीवावर येतं, कारण रबर त्याच्याच पोराचं असतं.

तेव्हाच्या मशीनमध्ये ३८६ किंवा ४८६ प्रोसेसर, डॉस, आणि हिशोबाला फॉक्सप्रोत कुणीतरी ओळखीच्या पोरानं लिहून दिलेला प्रोग्रॅम. कंपनीचं मशीन घ्यायची ऐपत बँकांची. बाकीच्यांना असेंबल. असेंबलचा एक गुण असा, की त्याला म्हातारपण एकदम येत नाही. बोर्ड म्हातारा झाला तर बोर्ड बदला, डबा तोच. हार्डडिस्क भरली तर दुसरी लावा, मॉनिटर तोच. शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीसारखं: दांडा चारदा बदलला, पातं दोनदा, कुऱ्हाड आजोबांचीच. यार्डात मी एक डबा असा सांभाळलाय, की त्याच्यात आता १९९६ सालचं काही असेल तर बाहेरचा पत्रा आणि रीसेटचं बटण.

सुटे भाग आणायला मुंबई. रात्री सांगलीला महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची लोकल, ग्रँट रोड. स्टेशनच्या पूर्वेला पाच-सात मिनिटं चाललं की लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचं नाव त्या रस्त्याला असं चिकटलंय की निघत नाही. अण्णा तिथूनच रेडिओचे व्हॉल्व्ह आणायचे. त्याच दुकानांच्या ओळीत, काही ठिकाणी त्याच काउंटरवर, आता मदरबोर्ड मिळायला लागले होते. दुकानं उघडायला दहा-अकरा वाजत, तोवर मी इराण्याकडे ब्रून मस्का खाऊन घेत असे.

रॅमचा भाव तिथं हळदीसारखा फुटायचा. सकाळी एक, दुपारी दुसरा. १९९५ साली एका एमबीला हजाराच्या घरात मोजावे लागत. ज्यांनी आता खिशातल्या फोनमध्ये हजारो एमबी बाळगलेत त्यांना हे खरं वाटणार नाही, पण ४ एमबीची काडी मी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून, वर हात ठेवून, रात्रभर जागा राहून सांगलीला आणलेली आहे. दर चढण्याचं कारण एका दुकानदारानं सांगितलं तेव्हा मला थट्टाच वाटली. १९९३ च्या जुलैत जपानमध्ये नीहामा नावाच्या गावी सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जे काळं आवरण असतं त्याचं राळेसारखं रसायन जगाला मुख्यतः तिथून जात होतं. स्फोट तिकडं, भाव इकडं. १९९६ मध्ये उलटं झालं, उत्पादन उदंड आणि भाव कोसळला. मी एका अडत्यासाठी चढ्या भावानं माल घेऊन ठेवला होता, तो बसवेपर्यंत किंमत निम्म्यावर आली. अडत्यानं एक शब्द न बोलता जुन्या भावानं पैसे दिले. म्हणाला, "तुझा सौदा आधी झालाय. बाजार पडला तर शेतकऱ्याला आपण काय सांगतो?" पुढं २१ सप्टेंबर १९९९ ला तैवानात मोठा भूकंप झाला, चिपचे कारखाने बंद पडले आणि रॅम पुन्हा भडकली. त्या आठवड्यात यार्डातले दिवाणजी मला भूगोल विचारायला लागले.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आली. खोक्यावर लिहिलेलं, ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅम पुरे. ४ एमबीवर ती चालायची, म्हणजे घाटात बंद पडलेली एसटी ढकलल्यावर चालते तशी. हार्डडिस्कचा लाल दिवा विझायचाच नाही. ८ एमबी घातली की जरा माणसात यायची. त्यामुळं आमच्याकडे 'विंडोज टाकून द्या' याचा खरा अर्थ 'रॅम वाढवून द्या' असा होता. सीडी ड्राइव्ह कुणाकडं नव्हती. फ्लॉप्यांचा संच होता, एकूण १३. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी धरते, हे तिकडच्या कंपनीला कोण सांगणार! आठ फ्लॉप्या सुरळीत जायच्या आणि नवव्या फ्लॉपीला खर्र खर्र. मग पहिल्यापासून पुन्हा. एका दुकानात मी दुपारी दोनला बसलो तो रात्री अकराला उठलो. दिवाणजीच्या बायकोनं दोनदा चहा आणि एकदा भाकरी-पिठलं पाठवलं.

जुन्या ४८६ बोर्डांचा आणखी एक रुसवा होता. त्यांच्या बायोसला ५२८ एमबीच्या पुढची डिस्क दिसायचीच नाही. गिऱ्हाईकानं हौसेनं १ जीबीची डिस्क आणली, लावली, मशीन म्हणतं अर्धीच आहे. गिऱ्हाईकाला वाटे अर्धी मी काढून घेतली. त्यावर डिस्क मॅनेजर नावाचा जुगाड डिस्कच्या डोक्यावर बसवावा लागे, आणि तो असेपर्यंत कुणी डिस्क फॉरमॅट मारली की सगळं गंगेला मिळे.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त शिकवलं ते एका पतसंस्थेनं. पिग्मी, आवर्त ठेव, सोनेतारण, सगळा कारभार फॉक्सप्रोत, आणि पासबुक मराठीत छापायचं. डॉसमध्ये मराठी कशी दिसायची? तर मशीनमध्ये जिस्ट कार्ड नावाचा एक पट्टा बसवलेला असे. कानपूरच्या आयआयटीत जन्मलेलं आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं हे कार्ड. प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा, की तो इंग्रजी अक्षरांच्या घरात देवनागरी लिहितोय. मधल्या मध्ये कार्ड सगळं उलगडून पडद्यावर 'श्री' आणि 'क्ष' काढून द्यायचं. मला ते कार्ड बघितलं की देवळातल्या दुभाष्या गुरवाची आठवण होई. देव काय बोलला ते त्यालाच ठाऊक.

१९९९ मध्ये संस्थेनं ठरवलं, मशीन अपग्रेड करायचं. दोन कारणं. एक म्हणजे वर्षाचे शेवटचे दोनच आकडे धरणारा प्रोग्रॅम, त्यामुळं २००० साल उजाडलं की '००' चा अर्थ १९०० लागून मुदत ठेवीचं व्याज उलटं फिरणार. ते ज्या पोरानं प्रोग्रॅम लिहिला त्यानं आठ दिवस बसून बरंचसं सुधारलं. छापायच्या कागदावर मात्र दोनच आकडे ठेवले, कारण पासबुकातला रकाना तेवढाच होता. दुसरं कारण, मशीन हळू होतं. मी झोकात पेंटियम टू बसवला. ३५० मेगाहर्ट्झ. प्रोग्रॅम चालू केला आणि पडद्यावर आलं, शून्यानं भागाकार. पुन्हा चालू केला, पुन्हा तेच. सगळे संचालक पाठीमागे उभे. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या संस्थेत शून्यानं भागायला काय आहे ओ?"

झालं असं होतं. फॉक्सप्रो सुरू होताना मशीनचा वेग मोजायचा. ठरावीक कामाला किती वेळ लागला हे बघून त्यानं भागायचा. नवं मशीन इतकं चपळ, की काम होऊन जाई आणि घड्याळाचा काटा जागचा हललेलाच नसे. वेळ शून्य. भागाकार शून्यानं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना कधी वाटलंच नव्हतं की मशीन एवढं पळेल. कंपनीनं त्यावर एक छोटी दुरुस्ती काढली होती, ती मिळेपर्यंत मी बायोसमध्ये जाऊन प्रोसेसरची कॅश बंद केली, म्हणजे घोड्याच्या पायात दोर बांधला. संस्थेनं नव्या मशीनचे पैसे मोजले आणि पंधरा दिवस जुन्या मशीनच्या वेगानं काम केलं.

त्याहून मोठी पंचाईत जिस्ट कार्डाची. ते आयसा नावाच्या लांबड्या काळ्या स्लॉटमध्ये बसायचं. नव्या बोर्डांवरून हे स्लॉट नाहीसे होत चालले होते. ४४० बीएक्सच्या बोर्डांवर एखाद-दुसरा शिल्लक असायचा, नंतरच्या ८१० वगैरे बोर्डांवर तोही नाही. म्हणजे संस्थेला वेग हवा असेल तर मराठी सोडा, आणि मराठी हवी असेल तर वेग सोडा. मी लॅमिंग्टन रोडवर दिवसभर हिंडून आयसा असलेले दोन बोर्ड मिळवले, एक बसवायला आणि एक पुढच्या सोयीला. तो दुसरा बोर्ड मी दहा वर्षं तेलकट कागदात गुंडाळून कपाटात ठेवला होता. त्या दिवसापासून मी गिऱ्हाईकाला नवा प्रोसेसर कुठला ते नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडची सगळ्यात जुनी वस्तू कोणती, जी तुम्हाला सोडवत नाही? तिला विचारूनच बाकीचं मशीन ठरतं. कुणाकडं ती जिस्ट कार्ड असते, कुणाकडं डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कुणाकडं दिवाणजी.

परवान्याचं बोललंच पाहिजे, नाहीतर हे लिहिणं अप्रामाणिक होईल. नव्वदच्या दशकात आमच्याकडं असेंबल मशीनवरची विंडोज बहुतेक विकत घेतलेली नसे. गिऱ्हाईकाच्या हिशोबी ती मशीनबरोबर येणारी गोष्ट होती, सायकलबरोबर घंटी येते तशी. मी पण टाकून दिली आहे, अमाप. कायदा नव्हता असं नाही. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन मे १९९५ पासून चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान ७ दिवस कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड लिहिलेला होता. कागदावर ७ दिवस आणि फुटपाथवर सीडीचे ढीग, अशी ती वर्षं. २५ ऑक्टोबर २००१ ला एक्सपी आली आणि कंपनीनं ॲक्टिव्हेशन सुरू केलं. मोठ्या कंपन्यांसाठी असलेली एक किल्ली मात्र त्याआधीच फुटली होती. ती पंचवीस अक्षरं जगभरच्या मेकॅनिकांना मारुतिस्तोत्रासारखी पाठ होती. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला तेव्हा त्याचे हप्ते फेडावे लागले. अपडेट न घेतलेली मशीनं मॉडेमनं इंटरनेटला जोडली की साठ सेकंदांचं उलटं घड्याळ सुरू, आणि मशीन बंद. त्या महिन्यात मी सीडीवर दुरुस्ती घेऊन सायकलवरून घरोघर फिरलो. चोरून घातलेल्या विंडोजचे पैसे मी कधी घेतले नव्हते, पण ती साफ करण्याचे घेतले. याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

घरगुती कॉम्प्युटर सांगलीत खरा शिरला तो या सुमाराला, एमएस-सीआयटी नावाच्या कॉम्प्युटरच्या कोर्समुळं. २००१ साली तो चालवणारी एमकेसीएल स्थापन झाली, कोर्स गावोगाव पोचला, आणि सरकारी नोकरदारांनाही तो करावा लागला. पन्नाशीचे तलाठी भाऊसाहेब संध्याकाळी माउस धरायला शिकायचे. घरी सरावाला कुठूनतरी जुनं मशीन आणायचं आणि माझ्याकडं टाकायचं, "क्लासमध्ये आहे तसं दिसू द्या." क्लासमध्ये एक्सपी, यांच्याकडं ९८. एक्सपीला कागदावर २३३ मेगाहर्ट्झ आणि ६४ एमबी पुरत असे. खरं म्हणजे १२८ खाली पाणी पाजूनही ती उठायची नाही. आधीच्या कुणाच्या मशीनमधून निघालेली ६४ ची काडी पुढच्याच्या मशीनमध्ये, त्याची ३२ ची त्याच्याही पुढच्याकडं. माझ्या दुकानातून एक काडी चार घरं फिरलेली आहे.

एक्सपीनं आमच्या भागाला आणखी एक गोष्ट दिली, पण ती द्यायला जरा लाजत होती. ९८ वर युनिकोड मराठी लिहिता येत नसे, कुणी पाठवली तर चौकोन दिसत. एक्सपीत मंगल फॉन्ट होता, पण कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन भाषांच्या पानावर एक खूण करायची आणि एक्सपीची सीडी घालायची, तेव्हा कुठं वेलांट्या जागेवर यायच्या. शेकडो मशीनवर मी ती एक खूण करून दिली आहे. टंकलेखनवाल्या बाई मात्र खूश नव्हत्या. त्यांची बोटं रेमिंग्टनची, आणि एक्सपी देणार फक्त इनस्क्रिप्ट. "मराठी आली हो," म्हणाल्या, "पण अक्षरं सगळी शेजारणीकडं राहायला गेली."

लग्नपत्रिकावाल्यांनी तर एक्सपीला दारात उभं केलं नाही. त्यांचं सगळं पेजमेकर आणि श्री-लिपीवर, आणि श्री-लिपीचं कुलूप म्हणजे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचा अंगठ्याएवढा तुकडा. तो चुकून हरवला तर लगीनसराई बुडाली. माझ्या एका गिऱ्हाईकानं तो देवघरात ठेवला होता, सकाळी पूजेनंतर काढायचा, रात्री परत ठेवायचा. ९८ वरचं त्यांचं मशीन मी २०११ पर्यंत जगवलं.

मग २००५. एप्रिलच्या १ तारखेपासून महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला. यार्डात विक्रीकराच्या जुन्या पद्धतीला सरावलेले लोक, पण आता बिलावर वेगळे रकाने, वेगळे दर. टॅलीची नवी आवृत्ती घ्या, तिला बरी विंडोज हवी, विंडोजला रॅम हवी, रॅमला बोर्ड हवा. बिल गेट्सला जे दहा वर्षं जमलं नव्हतं ते विक्रीकर खात्यानं दोन महिन्यांत केलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी रोज दोन-तीन मशीनं उघडत होतो. इतकं काम मला त्याआधी कधी नव्हतं. पहिल्यांदा एक पोरगा हाताखाली ठेवला.

जुलै संपता संपता कृष्णेचं पाणी चढलं. पेठांत शिरलं, हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, त्यांतही शिरलं. लोकांनी आधी चोपड्या माडीवर नेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, चोपडी म्हणजे लक्ष्मी. कॉम्प्युटर खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर माझ्या दारात ओळीनं डबे लागले, चार महिन्यांपूर्वी मीच व्हॅटसाठी उघडलेले. आत गाळ, आणि गाळाला हळदीचा वास. आम्ही बोर्ड साध्या पाण्यानं धुतले, ब्रशनं घासले, स्पिरिट मारलं, आणि ऊन पडेल तेव्हा पापडांसारखे गच्चीवर वाळत घातले. खाली बायका उडदाचे खरे पापड वाळवायच्या, त्या हसायच्या. बोर्ड बरेचसे उठले. डिस्का दगा देत होत्या, कारण डिस्कला श्वास घ्यायला एक बारीक छिद्र असतं आणि गाळ तिथून आत जातो. एका दिवाणजीनं माझ्याकडे बघून चोपडी उघडली, ३१ जुलैची शेवटची नोंद दाखवली, आणि काही न बोलता मिटली. पुढं २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाण्यानं २००५ चीही पातळी मोडली. तोवर निदान एवढं शहाणपण आलं होतं, की डबा आधी माडीवर गेला.

मधली वर्षं भराभर सांगतो. व्हिस्टा आमच्याकडं आली आणि पाहुणचार न घेता गेली. सेव्हन आवडली. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार संपला, तरी यार्डात ती पुढं कितीतरी वर्षं चालू होती. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आली आणि सेव्हनवाल्यांना वर्षभर फुकट मिळाली. फुकट म्हटल्यावर जुन्या मशीनना पहिल्यांदाच कागदोपत्री खरी विंडोज लाभली, निदान ज्यांच्या डब्यावर परवान्याची चिकटपट्टी होती त्यांना. १ जुलै २०१७ ला जीएसटी, म्हणजे व्हॅटचीच आवृत्ती दुसरी. आणि एसएसडी. तीस वर्षांत म्हाताऱ्या मशीनला एवढं स्वस्तात एवढं तरुण करणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. फिरणारी डिस्क काढायची, काडीपेटीपेक्षा जरा मोठी पट्टी लावायची, चार मिनिटांचं काम चाळीस सेकंदांत. गिऱ्हाईक विचारतं, प्रोसेसर पण बदलला का? मी सांगतो, नाही. त्याचा विश्वास बसत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. त्याच आठवड्यात माझे सगळ्यात जुने दिवाणजी डबा हमालाच्या डोक्यावर देऊन आले. वय ७४. मशीन कोअर टू ड्युओ, सेव्हनवरून दहावर फुकटात चढवलेलं, पण ३२ बिटचं. मुद्दाम तसंच ठेवलेलं, कारण शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पट्टीचा प्रोग्रॅम १९९४ सालचा फॉक्सप्रो आहे, सोळा बिटचा, आणि ६४ बिट विंडोज सोळा बिटचं काही चालू देत नाही. विंडोज ११ ला टीपीएम नावाची सुरक्षेची चिप हवी, आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा, आणि तिच्यात ३२ बिटची सोयच नाही. शेठजींच्या मुलानं नवं मशीन घ्यायचं ठरवलं होतं. दिवाणजी म्हणाले, "नव्यावर माझी पट्टी निघेल का?" मुलगा म्हणाला टॅलीत काढा. दिवाणजींनी डबा उचलायला हमाल बोलावला.

मी १२० जीबीची एसएसडी लावली, जुन्या मशीनमधून निघालेली रॅम घालून ४ जीबी केली आणि लिनक्स मिंट टाकली, हलकीवाली, एक्सएफसीई. पैसे फक्त एसएसडीचे. लिनक्सच्या सीडी मी पूर्वी पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या जमवल्या होत्या, उबुंटूच्या तर कंपनी टपालानं फुकट पाठवायची. तेव्हा हौस म्हणून घालायचो आणि गिऱ्हाईक दोन दिवसांत परत आणायचं. आता परत आणत नाहीत, कारण लोकांना ब्राउझर उघडला की झालं. जीएसटीचं पोर्टल ब्राउझरमध्येच चालतं. पट्टीसाठी डॉसचं सोंग घेणारा डॉसएमू बसवला, त्यात दिवाणजींचा फॉक्सप्रो. प्रिंटर तोच, एपसनचा एलएक्स-३००. त्याच्यासाठी समांतर पोर्टचं कार्ड कपाटात होतं.

दिवाणजींनी निळ्या पडद्यावर बोटं ठेवली. बाण, बाण, एंटर. नाव, पोती, वजन, दर. प्रिंटर किंचाळला, तीन प्रतींचा कागद सरकत बाहेर आला. त्यांनी चष्मा वर करून पट्टी वाचली. हमाली बरोबर, तोलाई बरोबर, अडत बरोबर. मी हात पुसायला घेतले.

"तारीख चुकलीय," ते म्हणाले.

०१-०१-०९. बोर्डवरच्या घड्याळाचा सेल बसला होता. मी पोराला शेजारच्या घड्याळवाल्याकडं पाठवलं, नाणंवाला सेल आण म्हणून, आणि दिवाणजींसाठी चहा सांगितला.